उजवीकडची सीट

"बसलो मी," ते म्हणाले आणि काउंटरवर चष्म्याचे दोन तुकडे ठेवले.

"कुठे?"

"ह्याच्यावर."

माझी नणंद गल्ल्यापाशी बसून फुटाणे फुटल्यासारखी हसली. ती दुकानात असली की गिऱ्हाइकाची लाज राखणं माझ्या एकटीवर येतं. मी तुकडे उचलून उजेडात धरले. काचा शाबूत होत्या, फ्रेमचा मात्र कणा मोडला होता.

"दुसरा जोड असेल ना घरी?"

"हाच दुसरा जोड. पहिल्यावर गेल्या महिन्यात बसलो."

"मग तुम्ही उभं राहायची सवय लावून घ्या," मी म्हणाले. "चारला या."

"चारला उशीर होईल हो. चष्म्याशिवाय मला आत बसू देत नाहीत."

"कुठे आत?"

"विमानात."

"विमानात बसून लोक झोपतातच की. त्याला चष्मा कशाला?"

"मी झोपलो तर पंचाईत होईल," ते शांतपणे म्हणाले. "चालवतो मी."

नणंद हसायची थांबली. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. साठी ओलांडलेला माणूस. उन्हाने रापलेला चेहरा, पिकलेले आखूड केस, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. शहराबाहेर गवताळ मैदान आहे, तिथे दोन सीटची छोटी विमानं उडतात, हौशी लोक शिकायला जातात, एवढं मी ऐकून होते. हे तिथले शिकवणारे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, असंही त्यांनीच सांगितलं.

नवी फ्रेम म्हटल्यावर माप घ्यावं लागतं. गिऱ्हाइकासमोर बसायचं, त्याच्या नाकावर पट्टी धरायची आणि दोन बुबुळांमधलं अंतर वाचायचं. लोकांच्या डोळ्यांत बघणं हा माझा धंदा आहे. आयुष्यभर बघत आले आणि कधी काही झालं नाही. त्या दिवशी पट्टी दोनदा लावावी लागली. पहिल्यांदा आकडा वाचला, आणि पेन उचलेपर्यंत विसरले.

"काही बिघाड आहे का?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्यात नाही," मी म्हणाले, आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पंचावन्नाव्या वर्षी!

काचा मी लगेच नव्या फ्रेममध्ये बसवून दिल्या. चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी दुकानभर नजर फिरवली, मग माझ्यावर आणून थांबवली. "छान दिसतंय," ते म्हणाले. आणि जाता जाता दारात वळून, "तुमचं दुकान कधी वरून पाहिलंय?"

"वरून काय बघायचं? पत्रे."

"या रविवारी. पत्रे दाखवतो."

ते गेल्यावर नणंदेने गल्ल्याचा ड्रॉवर धाडकन लावला. "जा हं वहिनी. नाहीतरी रविवारी कपाटं पुसत बसता."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना वरचं दिसत नाही. त्यांचे नंबर तुम्हालाच ठाऊक आहेत."

ती माझ्या नवऱ्याची सख्खी धाकटी बहीण. तो जाऊन आठ वर्षं झाली. भला माणूस होता. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याला घेरी यायची. तो गेल्यावर घर, दुकान, हिशेब सगळं मी सांभाळलं, कुठे अडलं नाही. फक्त गाडी चालवताना शेजारच्या सीटवर पिशव्या ठेवायची सवय लागली. रिकामी सीट बघवत नसे.

* * *

रविवारी गेले ती "नुसतं बघायला" गेले. आत कधी बसले, पट्टा कधी बांधला, हेडफोन कानाला कधी लागले... काही विचारू नका. विमान म्हणजे काय हो, पंख लावलेली लहानशी मोटार! दोघं इतकी जवळ की मास्तरांनी उजवीकडच्या सीटवरून हात हलवला तर माझ्या कोपराला कळायचं. शिकणारा डावीकडे बसतो, शिकवणारा उजवीकडे. हेडफोनमधून त्यांचा आवाज कानात नव्हे, थेट डोक्याच्या आत यायचा. बोलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू यायचा.

गवत मागे पळालं, चाकांचा खडखडाट एकदम थांबला. खाली माझं शहर एवढंसं झालं होतं. दुकानाचे पत्रे काही सापडले नाहीत. मी शोधलेच नव्हते म्हणा.

"घ्या," ते म्हणाले. "तुमच्याकडे."

"काय माझ्याकडे?"

"विमान."

"अहो, नको! धरा तुम्ही—"

"मी सोडलंय केव्हाच." त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. आमच्या दोघांच्या मधला विमान वळवायचा दांडा मी इतका घट्ट आवळला की बोटं पांढरी पडली. "हळू. चष्म्याची काच धरता तशी धरा. पडूही द्यायची नाही आणि डागही पडू द्यायचा नाही."

हे मात्र मला समजलं. बोटं आपोआप सैल पडली, विमानाचं नाक स्थिर झालं. बाजूने नुसतं "हं" आलं. त्या एका "हं"साठी मी पुढच्या रविवारी परत गेले, आणि त्याच्या पुढच्या.

मग नाव घातलं, डॉक्टरची तपासणी झाली, नियमांची जाडजूड पुस्तकं आली. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी ढगांचे प्रकार पाठ करायची आणि नणंद माझी उजळणी घ्यायची. तिचे उच्चार ऐकून ढगही पळून गेले असते. शनिवारी झोप लागायची नाही. सोमवारी कामात लक्ष लागायचं नाही. एका आजोबांना तर मी त्यांच्या बायकोचा चष्मा बांधून दिला. तेही बिचारे "आता स्पष्ट दिसतंय" म्हणून घेऊन गेले!

मला उडायला आवडत होतं, खरंच आवडत होतं. वर गेलं की गुडघे दुखायचे नाहीत, वय आठवायचं नाही. पण खोटं कशाला बोलू... मी आठवडाभर वाट बघायची ती आभाळाची नव्हे. मास्तर घाईघाईने दाढी करून यायचे, हनुवटीखाली थोडी राहून गेलेली असायची, तेवढ्या जागेची मी वाट बघायची.

* * *

आणि इथेच घोटाळा झाला. मला विमान उतरवता येऊ लागलं.

तुम्ही म्हणाल, यात घोटाळा कसला? तर ऐका. आमच्या त्या मैदानावर एक रीत आहे. शिकणाऱ्याचं उतरवणं सलग नीट झालं की शिकवणारा काही न सांगता एके दिवशी दार उघडून खाली उतरतो. "आता एक फेरी एकट्याने," म्हणतो आणि दार लावून घेतो. ह्याला तिथे "सोडणं" म्हणतात. मोठा मान असतो. लोक टाळ्या वाजवतात, सोडलेला माणूस रडतो वगैरे. आणि त्यानंतर शिकवणारा फारसा शेजारी बसत नाही. त्याला दुसरे विद्यार्थी असतात.

एका रविवारी मी विमान असं अलगद टेकवलं की चाकं गवताला लागलेली कळलीसुद्धा नाहीत. मास्तरांनी दाराच्या कडीकडे एकवार पाहिलं.

पुढच्या फेरीला मी चुकले. मुद्दाम.

जमीन जवळ आली की नाक हळूच वर धरायचं आणि वाट बघायची, विमान आपणहून बसतं. मी नाक जरा लवकरच वर धरलं. विमान अधांतरी घुटमळलं, त्याचा दम संपला आणि धप्पकन त्याने बसकण मारली. मास्तरांचा हात झटकन दांड्यावर आला, माझ्या बोटांवरूनच.

"असू दे," ते म्हणाले. "होतं असं."

मग ते होतच राहिलं. प्रत्येक रविवारी तासाच्या शेवटी एक धप्प. मनातून लाज वाटायची. त्या बिचाऱ्या विमानाच्या चाकांची मी मनातल्या मनात माफी मागायची. पण मास्तर "पुढच्या रविवारी जमेल" म्हणायचे, आणि पुढचा रविवार माझा व्हायचा.

नणंद एकदा नुसती बघायला आली होती. परत येताना गाडीत म्हणाली, "वहिनी, पहिल्या फेऱ्या तर छान उतरवल्या. शेवटचीच का आपटली?"

"थकते मी."

"हं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "विमान उतरवताना थकता. गाडी चालवताना गाणं गुणगुणताय."

* * *

मग एका रविवारी पाऊस आला, वरून पिंप ओतल्यासारखा. उड्डाण नाहीच. विमानं शेडमध्ये पंखाला पंख लावून उभी होती. बाकीचे लोक परतले. मी परतले नाही. मास्तरांनी शेडच्या मागच्या खोलीतून चहा करून आणला. ते तिथेच राहत. एक खाट, एक टेबल, खिडकीतून दिसणारी धावपट्टी. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की बोलायला जवळ सरकावं लागत होतं. पावसाची मी आभारी होते.

"तुम्हाला एक विचारू?" मास्तर म्हणाले.

"विचारा की."

"खरंच उतरवता न येणारा माणूस रोज वेगळं चुकतो. कधी उशिरा, कधी लवकर, कधी वाकडा. तुम्ही प्रत्येक वेळी तेच चुकता. त्याच उंचीवर, तेवढंच." त्यांनी कप खाली ठेवला. "इतकं नेमकं चुकायला फार चांगलं उडवता यावं लागतं."

चोरी पकडली गेली होती. मी शेडच्या पत्र्यावरून ओघळणारं पाणी बघत राहिले.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"पहिल्या धप्पपासून."

"मग बोलला का नाहीत?"

ते चष्मा काढून उगाच पुसत म्हणाले, "मलाही... घाई नव्हती."

मी काही म्हणणार होते. काय म्हणणार होते ते आता आठवतही नाही, कारण त्यांनीच पुढे सांगितलं.

"पण आता आहे. महिनाअखेरीला माझी तपासणी आहे. डॉक्टरने आधीच सांगून ठेवलंय, हृदयाचं काही खरं नाही. घरी बसून जगायला चालेल, विमान चालवायला नाही. ह्या महिन्यानंतर मी त्या उजवीकडच्या सीटवर शिकवायला बसू शकणार नाही."

"आधी सांगायचं नाही का!" माझा आवाज चढला. रागच आला मला. "मी इथे... इतके रविवार..."

"सांगितलं असतं तर तुम्ही नीट उतरवलं असतं. आणि मला उतरावं लागलं असतं."

मी माझा कप त्यांच्या कपाशेजारी ठेवला.

"मग पुढे काय करणार?"

"खोली सोडायची. बहिणीकडे जाईन, तिच्या गावी. खाली उभं राहून दुसऱ्यांची विमानं बघत राहणं मला नाही जमायचं." ते माझ्याकडे वळले. "इतक्या जणांना सोडलं मी. शेवटचं तुम्हाला सोडायचंय. माझ्या हाताने. एवढं कराल?"

मी मान हलवली. नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती त्यांनी. घरी जाताना मात्र रडू आवरेना. वायपर फिरत होते तरी समोरचं काही दिसेना. माझी चलाखी माझ्याच अंगाशी आली होती. शेजारी ठेवायला म्हणून मी चुकत राहिले आणि त्यात होते नव्हते ते दिवस घालवले. आणि गाडीच्या त्या पिशव्या ठेवलेल्या सीटकडे बघताना एक गोष्ट डोक्यात लख्ख आली. शिकवणारा म्हणून बसता येणार नाही, पण प्रवासी म्हणून? चालवणारा पक्का असला तर शेजारी कुणीही बसू शकतं. मी वाईट विद्यार्थिनी राहिले तर हा माणूस जाणार. चांगली वैमानिक झाले तरच त्याला माझ्या शेजारी जागा आहे.

मी गाडी बाजूला घेतली, डोळे पुसले आणि घरी जाऊन पुस्तक उघडलं.

* * *

पुढच्या रविवारी स्वच्छ ऊन. पहिली फेरी, अलगद. दुसरी, अलगद. तिसरीला मास्तरांनी पट्टा सोडला.

"एक फेरी एकटीने," ते म्हणाले. आवाज मास्तरकीचा होता, पण दार उघडायला त्यांना जरा वेळ लागला. खाली उतरून त्यांनी आत वाकून रिकाम्या सीटचा पट्टा नीट आवळला, लोंबकळून दांड्यात अडकू नये म्हणून. लहान मुलाला गाडीत बसवावं तसा. मग दार लावलं.

एक माणूस कमी झाल्यावर विमान वेगळंच उडतं. गवतावरून असं झेपावलं की मी दचकले. हेडफोनमध्ये कुणाचा श्वास नव्हता. मी उजवीकडे एकदाच पाहिलं, मग नाही पाहिलं. "नाक," मी मोठ्याने म्हणाले, "वेग... डावीकडे बघ..." माझ्याच आवाजात त्यांचे शब्द येत होते. वळताना खाली मैदान दिसलं. कडेला, बाकीच्यांपासून दूर, एकटाच माणूस उभा होता, डोळ्यांवर हात धरून.

उतरवलं. नीट. अगदी नीट.

टाळ्या झाल्या, बघायला आलेली नणंद रडली, मी रडले. मास्तरांनी दोन्ही हातांत माझा हात धरला आणि पुष्कळ वेळ सोडला नाही. "तुम्ही वर होतात तेवढा वेळ मला फार भीती वाटली," ते म्हणाले. "आजवर कुणाच्या वेळी वाटली नव्हती."

ते बहिणीकडे निघाले त्या दिवशी मी बसस्टँडवर निरोपाला गेले. एक बॅग आणि एक छत्री, एवढंच. "थांबा ना" म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "चष्म्याचा दुसरा जोड घेतलात ना?"

"घेतला," ते म्हणाले. आणखी काहीतरी म्हणायचं होतं त्यांना. तेवढ्यात बस सुटली.

* * *

नवी शिक्षिका वयाने माझी लेक शोभेल अशी होती. हुशार, चटपटीत, सतत च्युइंगम. तिच्यात काही खोट नव्हती. ती मास्तर नव्हती एवढंच. परीक्षेपर्यंतचे तास मी तिच्याकडे पुरे केले आणि रविवारी संध्याकाळी फोनची वाट बघत बसले.

"वारा कुठून होता आज?" मास्तर विचारायचे.

"डावीकडून."

"मग?"

"मग काय, उजवा पाय पेडलवर."

"शाब्बास." मग जरा हळू आवाजात, "बाकी?"

बाकी पुष्कळ होतं. बाकी म्हणजे सकाळी उठल्यापासून तुमचीच आठवण, बाकी म्हणजे प्रत्येक पिकलेल्या डोक्याकडे वळून बघणं... "बाकी ठीक," मी म्हणायची. "तुम्ही काय करता दिवसभर?"

"बहिणीच्या कुंड्यांना पाणी घालतो. तिची झाडं वाकडी वाढलीत असं तिला सांगतो. ती मला हाकलते."

फोन ठेवला की घर पहिल्यापेक्षा मोठं वाटायचं. एकदा नणंदेने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "वहिनी, आभाळात एकट्या जाता आणि एक वाक्य बोलायला घाबरता?"

"फोनवर नाही बोलायचं मला ते."

"मग कसं बोलणार?"

तेव्हा मी तिला माझा बेत सांगितला. ती कपाळाला हात लावून खाली बसली, मग उठून मला घट्ट मिठी मारली. आणि तिने कुठून कोण जाणे, मास्तरांच्या बहिणीचा नंबर मिळवला.

* * *

लायसन्स हाती आलं त्याच आठवड्यात मी मैदानावरचं विमान घेऊन निघाले. त्यांच्या बहिणीच्या गावाबाहेर गवताची एक धावपट्टी आहे. नकाशा मांडीवर, नदी डाव्या हाताला, रेल्वेचा रूळ उजव्या. वर असताना मी वाक्य घोकत होते. शंभर तऱ्हांनी घोकलं.

धावपट्टीच्या टोकाला दोन माणसं उभी होती, एक बाई आणि एक पिकलेलं डोकं. वारा आडवा होता. मी विमान तिरकं आणलं, सरळ केलं आणि टेकवलं. पंखा थांबायच्या आत मास्तर जवळजवळ धावतच आले.

"तुम्ही? एकट्या? एवढ्या आडव्या वाऱ्यात?" ते माझ्यावर ओरडलेच. मग ओरडणं विसरून नुसते बघत राहिले. हनुवटीखाली थोडी दाढी राहून गेलेली होती. माझी शंभर वाक्यं कुठल्या कुठे गेली.

"मी शिकायला नाही आले," मी म्हणाले. "न्यायला आले."

"मला?"

"इथे दुसरं कोण आहे? मला तुम्ही शेजारी हवे आहात. मास्तर म्हणून नाही. विमानातही आणि... खालीसुद्धा." बोलले एकदाचं! "नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणा. वारा वाढतोय."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. डोळे भरून आले होते. "मी फक्त खाली बघत बसणारा म्हातारा होणार आता. हृदय असं. हे माहीत आहे ना?"

"डोळे तपासलेत मी तुमचे. त्यात काही बिघाड नाही. हृदयाचं आपण दोघं बघू."

"पण बहिणीला काय सांगू? अशी अचानक..."

मागून त्यांची बहीण बॅग घेऊन आली आणि धपकन त्यांच्या पायाशी ठेवली. "मला आठवडाभरापासून माहीत आहे. जा बाबा एकदाचा. माझी झाडं सुखाने वाकडी वाढू देत."

ते हसले. किती दिवसांनी बघत होते मी ते हसू. बॅग मागे ठेवली, ते उजवीकडून आत आले, पट्टा बांधला, हेडफोन घातले. आणि कानात तो श्वास आला, बोलण्याआधीचा. मला क्षणभर काही दिसेना.

सवयीने त्यांचा हात दांड्याकडे गेला आणि अर्ध्यातच थबकला.

"मी आता... हात कुठे ठेवू?"

"वर गेल्यावर सांगते," मी म्हणाले. "आत्ता माझे दोन्ही कामात आहेत."

आणि मी वेगाचा थ्रॉटल पुढे केला.